मॅन्टलसाठी फायरप्लेसची मोजणी

मॅन्टल किंवा मॅन्टलपीस म्हणजे भिंतीतील शेकोटीच्या, अर्थात फायरप्लेसच्या, तोंडाभोवती बसवलेली लाकडी, दगडी किंवा ओतीव लोखंडाची चौकट आणि तिच्यावरील फळी. दोन बाजूंचे खांब, त्यांना जोडणारी आडवी पट्टी आणि सर्वांत वर पुढे आलेली फळी हे तिचे मुख्य भाग होत. बाजारात ठरावीक आकारांची तयार मॅन्टले मिळतात. परंतु जुन्या घरांत फायरप्लेसची मापे एकमेकांशी क्वचितच जुळतात, म्हणून तेथे मापानुसार मॅन्टल करवून घेतले जाते. अशा कामात मोजणीचे दोन हेतू असतात. पहिला, चौकट भिंतीला आणि जमिनीला नीट बसावी. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा, पेट घेणारे लाकूड विस्तवापासून पुरेसे दूर राहावे.

मराठीत या वस्तूला स्वतंत्र नाव नाही. कोनाडा भिंतीच्या आत जातो, तर मॅन्टल भिंतीबाहेर येते. फडताळाचा उपयोगही वेगळा. मात्र मोजणीला लागणारी साधने मराठी गवंडी आणि सुतारांच्या रोजच्या वापरातील आहेत: ओळंबा, पाणसळ, गुण्या, टेप आणि लांब सरळ पट्टी.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन युरोपातील मोठ्या दालनांत विस्तव दालनाच्या मध्यभागी पेटवला जाई आणि धूर छपरातून बाहेर पडे. पुढे विस्तव भिंतीकडे सरकला व धूर गोळा करण्यासाठी त्यावर दगडी झडप बांधली जाऊ लागली. अंगावरील झग्यासारख्या दिसणाऱ्या या आच्छादनावरून 'मॅन्टल' हा शब्द रूढ झाला. झगा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आणि याचे मूळ एकच आहे. धुरांडे भिंतीच्या पोटात गेल्यावर झडपेची गरज उरली नाही, पण तोंडाभोवतीची सजावट टिकून राहिली. अठराव्या शतकात ती वास्तुकलेचा स्वतंत्र विषय बनली. इटालियन कोरीवकार पिरानेसी याने १७६९ मध्ये मुख्यतः अशा चौकटींच्या नमुन्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तर इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम याच्या चौकटी नावाजल्या गेल्या.

मोजणीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल काउंट रम्फर्ड (बेंजामिन थॉम्पसन, १७५३–१८१४) याने सुचवला. १७९६ मधील निबंधात त्याने शेकोटी उथळ करावी, धुराचा गळा अरुंद ठेवावा आणि आतील बाजूच्या भिंती तिरप्या बांधाव्यात असे मांडले. त्यामुळे उष्णता खोलीत अधिक परावर्तित होते. या पद्धतीच्या शेकोटीची मागील भिंत पुढच्या तोंडापेक्षा अरुंद असते, म्हणून रुंदी कोठे मोजली हे नोंदवले नाही तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

ब्रिटनमध्ये १९५२ च्या डिसेंबरमधील लंडनच्या विषारी धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि शहरांतील कोळशाच्या शेकोट्या मागे पडू लागल्या. अनेक तोंडे फळ्या ठोकून वा विटांनी बुजवून त्यांवर गिलावा केला गेला. आज अशी शेकोटी पुन्हा उघडताना प्रथम गिलाव्याआडचे मूळ तोंड शोधावे लागते. नंतरच्या काळात बसवलेल्या लहान जाळीचे किंवा गॅस हीटरचे माप मूळ तोंडाचे समजणे धोक्याचे ठरते. भारतात शिमला, मसुरी, उदगमंडलम येथील ब्रिटिशकालीन इमारतींत अशा शेकोट्या आहेत.

संदर्भरेषा

जमीन सपाट आहे असे गृहीत धरून तिच्यापासून उंची मोजणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. जुन्या लाकडी जमिनी शेकोटीच्या वजनाने एका बाजूला खचलेल्या असतात. म्हणून प्रथम भिंतीवर पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने एक आडवी समपातळीतील रेषा आखतात आणि सर्व उंच्या या रेषेपासून वर-खाली मोजतात. त्यावरून प्रत्येक खांबाची उंची स्वतंत्रपणे मिळते. डावा खांब उजव्यापेक्षा १० मिलिमीटर लांब ठेवावा लागणे यात काहीही असाधारण नाही. तोंडाचा मध्य काढून तेथे ओळंब्याने उभी रेषा आखली की आडवी मापेही तिच्या दोन्ही बाजूंना घेता येतात. तोंड धुरांड्याच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर नसेल तर ते याच वेळी उघड होते. मग मॅन्टल तोंडाला मध्य धरून बसवायचे की भिंतीला, हा निर्णय घरमालकाने घ्यायचा असतो. सामान्यतः तोंडाचा मध्य धरणे इष्ट, कारण चौकट आणि विस्तव यांच्यातील विषमता नजरेला लगेच खटकते.

तोंड आणि भिंत

तोंडाची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी आणि उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे घेतात. वरचा भाग कमानदार असल्यास कमानीचा सर्वोच्च बिंदू आणि कमान जेथे सुरू होते ती उंची अशा दोन्ही नोंदी लागतात. नंतर दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण समान नसतील तर समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही तोंड काटकोनात नाही असे ठरते. माप विटांच्या किंवा दगडाच्या कडेपासून घ्यावे, पुढे लावलेल्या काचेच्या दाराच्या पितळी पट्टीपासून नव्हे.

तोंडाभोवती फरशा, संगमरवर किंवा विटांचा न जळणारा पट्टा असतो. त्याची प्रत्येक बाजूची रुंदी आणि तो भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा किती पुढे आला आहे हे मोजावे लागते. पट्टा भिंतीपेक्षा २० मिलिमीटर पुढे असल्यास चौकटीच्या मागील बाजूस तेवढी खाच ठेवावी लागते. अन्यथा चौकट पट्ट्यावर टेकते आणि भिंतीपासून अधांतरी राहते.

भिंतीचा फुगवटा किंवा पोकळी लांब सरळ पट्टी लावून तिच्यामागील फटीवरून कळते. लाकडी चौकटीत सुतार मागील कडेला थोडे जादा लाकूड ठेवतो आणि जागेवर भिंतीच्या वळणाप्रमाणे ते तासतो. दगडी चौकटीत ही सोय नाही, त्यामुळे तेथे भिंतच दुरुस्त करणे श्रेयस्कर. धुरांड्याच्या भिंतीची एकूण रुंदी, शेजारच्या खिडकीची चौकट, विजेची बटणे, कपाटाचे उघडणारे दार, जमिनीलगतची लाकडी पट्टी आणि छताची उंची हीही मापे टिपली जातात. वरची फळी नेहमी खांबांपेक्षा रुंद असते आणि अडथळा बहुधा तिलाच होतो.

सुरक्षित अंतर

लाकूड प्रत्यक्ष ज्वाळेविना, केवळ दीर्घकाळ तापत राहिल्यानेही काळवंडते आणि पेट घेण्यास अधिक अनुकूल बनते. म्हणून अंतराचे नियम सौंदर्याच्या विचाराआधी पाहावे लागतात. अमेरिकेत व्यापकपणे स्वीकारलेल्या निवासी इमारत संहितेनुसार विटांच्या शेकोटीच्या तोंडापासून ६ इंचांच्या (१५२ मिलिमीटर) आत पेट घेणारे साहित्य चालत नाही. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात असे साहित्य दर इंच अंतरामागे १/८ इंचापेक्षा अधिक पुढे येऊ नये. काही संहिता बाजूचे जाड खांब त्यांच्या पुढे येण्याच्या प्रमाणात आणखी दूर ठेवण्यास सांगतात.

समजा तोंड ३६ इंच रुंद व २९ इंच उंच आहे. दोन्ही बाजूंना ६ इंच सोडल्यास खांबांमधील अंतर किमान ४८ इंच आणि आडव्या पट्टीची खालची कड शेकोटीच्या तळापासून किमान ३५ इंच उंचीवर येते. पण त्या उंचीवर लाकूड केवळ ३/४ इंच पुढे येऊ शकते. फळीखालची ३ इंच पुढे येणारी नक्षीपट्टी तोंडाच्या ९ इंच वर बसवायची ठरवली, तर तेथे मर्यादा १ १/८ इंच असल्याने ती नियमात बसत नाही. ती आणि ७ इंच पुढे येणारी फळी या दोन्हींचा आरंभ १२ इंचांपलीकडे, म्हणजे तळापासून ४१ इंचांच्या वर व्हायला हवा. नमुना आवडला म्हणून आधी उंची ठरवून टाकणाऱ्यांची अडचण नेमकी येथे होते. कारखान्यात बनवलेल्या धातूच्या शेकोटीला मात्र हे आकडे लावू नयेत. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली अंतरेच बंधनकारक असतात.

शेकोटीपुढील फरशीचेही असेच आहे. त्याच संहितेनुसार ती तोंडाच्या पुढे किमान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच असावी. तोंडाचे क्षेत्रफळ ६ चौरस फूट किंवा अधिक असल्यास ही मापे २० व १२ इंच होतात. वरील उदाहरणात क्षेत्रफळ ७.२५ चौरस फूट भरते, म्हणजे फरशी किमान ६० इंच रुंद लागेल. खांब या फरशीवर उभे राहणार की तिच्या बाहेर लाकडी जमिनीवर, यावर त्यांची उंची अवलंबून असते. फरशी बदलायची असल्यास ती आधी बसवून मगच अंतिम माप घेतात.

आराखडा व साचा

सर्व मापे एकाच एककात, समोरून आणि बाजूने काढलेल्या रेखाटनावर लिहिली जातात. आकार फार वेडावाकडा असल्यास पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवूडचा पूर्ण आकाराचा साचा कापून जागेवर लावून पाहतात. साच्यावर 'वर', 'डावी' आणि 'पुढची बाजू' असे लिहून ठेवण्याची सुतारांची रीत आहे, कारण उलटा धरलेला साचा चौकटही उलटी घडवतो. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे आडव्या दिशेने फुगते व आकसते, म्हणून रुंद फळी भिंतीला सर्व बाजूंनी घट्ट न ठोकता तिला हालचालीस थोडी जागा ठेवली जाते.

घराच्या दारांची रुंदी आणि जिन्याचे वळण हेही याच कागदावर टिपतात. दोन मीटर लांबीची अखंड फळी वरच्या मजल्यावर नेता येत नसेल तर मॅन्टल सुट्या भागांत घडवून खोलीतच जोडावे लागते, आणि सांधे कोठे द्यायचे हे लाकूड कापण्यापूर्वी ठरवावे लागते.