वस्त्र आणि देह – लेखांक सहावा : नमुन्याचे माप

तयार कपड्यांच्या व्यापारात मापांचे कोष्टक कसे सिद्ध झाले याची हकीकत गेल्या लेखांकात सांगितली. त्या कोष्टकातील एका आकड्याचा अंमल ज्यांच्या देहावर सर्वांत कठोरपणे चालला, त्या मॉडेल म्हणून काम करणाऱ्या तरुण स्त्रियांचा विचार आज करावयाचा आहे. हा विषय निघाला की ‘नटव्या मुलींचे खूळ’ असे म्हणून तो बाजूस सारण्याचा शिरस्ता सुशिक्षितांच्या घरांतही आढळतो. परंतु उपलब्ध पुरावा लक्षपूर्वक पाहिला, तर जिला आपण व्यक्तीचा छंद समजतो ती कृशता बव्हंशी व्यवसायाच्या एका नियमातून उत्पन्न होते, आणि म्हणून तिची जबाबदारी व तिचा उपाय ही दोन्ही त्या व्यवसायाच्याच दारी शोधली पाहिजेत, असे माझे मत आहे.

मी राहतो ते जयनगर ही १९४८ साली पायाभरणी झालेली, रुंद रस्त्यांची आणि दाट झाडांची बंगळूरची वसाहत. तिच्या चौथ्या ब्लॉकच्या बाजारपेठेत संध्याकाळी फिरावयास गेले की कापडदुकानांच्या काचेआड उभे असलेले पुतळे दिसतात. त्यांचे दंड, मांड्या आणि कंबर समोरून जाणाऱ्या गिऱ्हाईकांपैकी क्वचितच कोणाशी जुळतात. अशा पुतळ्यांची शास्त्रीय मोजदाद फिनलंडमधील मिन्ना रिंताला आणि पेर्टी मुस्ताजोकी या संशोधकांनी केली व १९९२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. १९२०च्या दशकापासूनचे जुने पुतळे आणि अलीकडचे पुतळे यांची मापे ताडून पाहता त्यांना असे आढळले, की जुन्या पुतळ्यांचा बांधा सामान्य निरोगी तरुणीचा होता, उलट नव्या पुतळ्यांच्या मापाची स्त्री प्रत्यक्षात असती तर तिच्या अंगी मासिक पाळी चालू राहण्याइतकी चरबी बहुधा उरली नसती. पुतळ्याला भूक नसते. पण जिवंत मुलीकडून जेव्हा तेच माप मागितले जाते, तेव्हा प्रश्न वैद्यकाचा होतो.

हे माप येते कोठून? वस्त्ररचनाकार आपल्या नव्या संग्रहातील प्रत्येक पोशाखाचा आरंभी एकच नमुना शिवतो. तोच नमुना रॅम्पवर जातो, तोच छायाचित्रकाराकडे जातो, तोच खरेदीदारांना दाखवला जातो, आणि कोणती मुलगी तो घालणार हे ठरण्यापूर्वीच त्याची बेतणी झालेली असते. अर्थात जिच्या अंगास तो बेतशीर बसेल तिला काम मिळते व जिला बसणार नाही ती घरी परतते. पोशाख उसवून सैल करण्याची तजवीज या पद्धतीत नाही. युरोपातील एजन्सीज सुमारे पावणेसहा फूट उंची आणि तरीही ३४-३५ इंचांचा नितंबघेर अशी अपेक्षा ठेवत आल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या उंच मुलीला हे माप सहज साधते. परंतु विशीकडे जाताना निसर्गक्रमाने तिचे कटिप्रदेशाचे हाड रुंदावते, आणि हाड काही उपवासाने अरुंद होत नाही. जे माप तिच्या अपूर्ण वाढीचे होते तेच पूर्ण वाढीनंतरही टिकवावयाचे, म्हणजे मांस आणि स्नायू झिजवल्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यातून हा व्यवसाय एकेका कामाच्या करारावर चालत असल्यामुळे ‘मला हे माप नको’ असे म्हणणारीची जागा दुसरी मुलगी त्याच दिवशी घेते.

आपल्याकडे या व्यवसायाला प्रतिष्ठा आली ती मुख्यतः १९९०च्या दशकात, आणि मराठी घरांतील मुली त्यात आरंभापासून होत्या. खेळाडू म्हणून घडलेली नागपूरची मधू सप्रे १९९२ साली विश्वसुंदरीच्या स्पर्धेत तिसरी आली. उज्ज्वला राऊत १९९६ साली ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ ठरली व पुढे युरोप-अमेरिकेच्या रॅम्पवर पोहोचली. त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरला, बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणावर ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धा भरली. तिच्या विरोधात शेतकरी संघटना, स्त्री-संघटना आणि संस्कृतिरक्षक असे एरवी परस्परांपासून दूर असणारे पक्ष रस्त्यावर उतरले, पोलिसांचा प्रचंड बंदोबस्त ठेवावा लागला, आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. त्या वादात स्त्रीची प्रतिष्ठा आणि परदेशी भांडवल हे दोन विषय हिरीरीने मांडले गेले. मात्र व्यासपीठावर उभे राहण्यासाठी मुलीने किती खावे आणि किती वेळ उपाशी राहावे, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

तो जगाच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आला तो मृत्यूंमुळे. २ ऑगस्ट २००६ रोजी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे लुइसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल रॅम्पवरून उतरल्यानंतर हृदय बंद पडून मरण पावली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्राझीलची २१ वर्षांची आना कारोलिना रेस्तोन ॲनोरेक्सियाने, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या विकाराने, दगावली, तेव्हा तिचे वजन सुमारे ४० किलो होते. फेब्रुवारी २००७ मध्ये लुइसेलची १८ वर्षांची बहीण एलियाना, जी स्वतःही मॉडेल होती, तीही हृदयविकाराच्या झटक्याने गेली. सहा-सात महिन्यांत घडलेल्या या तीन घटनांनंतर कृशता ही केवळ अभिरुचीची बाब आहे असे म्हणणे कोणालाही कठीण झाले.

उपासमारीत शरीराचे काय होते, याचे सर्वांत काटेकोर दप्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. याहून महत्त्वाचा फरक मनात पडला : अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना, पाककृतींची पुस्तके वाचण्याचा नाद लागला, चिडचिड व खिन्नता वाढली. यांपैकी कोणीही नटण्यासाठी उपाशी नव्हता, तरीही भुकेने त्यांचे चित्त पालटले. म्हणजे ज्या हट्टी, अन्नवेड्या आणि उदास वृत्तीला आपण अशा मुलींचा ‘स्वभाव’ म्हणतो, तिचा मोठा भाग उपासमारीचेच फलित असतो. स्त्रीच्या बाबतीत याखेरीज ऋतुचक्र थांबते, त्यासरशी हाडांना बळ देणारे संप्रेरक घटते, आणि हाडांची जी पुंजी विशीत साठावयाची ती साठतच नाही. ओकाऱ्या काढल्या किंवा जुलाब घेतले तर रक्तातील पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडते, आणि वरकरणी हिंडत-फिरत असलेली मुलगी अकस्मात कोसळते. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपेट खाऊ घालणेही जिवावर बेतू शकते. म्हणून ‘चार दिवस चांगले जेवू घाला’ हा प्रेमळ सल्ला येथे पुरा पडत नाही, उपचार वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो.

आता कोणी म्हणेल, की वजनाची किमान मर्यादा ठरवून दिली म्हणजे काम भागले. किलोंमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो त्यास बीएमआय म्हणतात; १८.५ च्या खाली तो गेला की जागतिक आरोग्य संघटना त्या व्यक्तीस कृश मानते. पावणेदोन मीटर उंचीच्या मुलीस ही मर्यादा सुमारे ५७ किलोंची पडते. परंतु या आकड्याने देहाचे अंतरंग कळत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच उदाहरणाने दाखवून दिले. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. हे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. भारतीय शरीर वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असू शकते, स्नायूंचे धन त्यात आधीच थोडे असते; अशा शरीराला उपाशी ठेवले तर झीज कोठे होईल, हे सांगावयास नको. उलटपक्षी एखादी मुलगी जन्मतःच सडपातळ आणि पूर्ण निरोगीही असू शकते. तेव्हा आकडा हा धोक्याचा इशारा मानावा, निवाडा मानू नये.

परदेशांतील कायद्यांनीही हाच धडा क्रमाक्रमाने घेतला. सप्टेंबर २००६ मध्ये माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेल्सना मज्जाव केला. इस्रायलने २०१२ साली कायदा करून १८.५ ची मर्यादा घातली, गेल्या तीन महिन्यांतील वैद्यकीय दाखला आवश्यक केला, आणि जाहिरातीतील देह कृत्रिमरीत्या बारीक केला असल्यास तसे छापण्याची सक्ती केली. फ्रान्सने २०१५ च्या अखेरीस कायदा करताना ठरावीक आकड्याचा आग्रह सोडून संपूर्ण प्रकृती तपासणाऱ्या वैद्याच्या दाखल्यावर भर दिला; दाखल्याविना मॉडेल नेमणाऱ्यास ७५,००० युरोपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. येथे दंड उपाशी मुलीस नाही, तिला कामास लावणाऱ्यास आहे, हे या कायद्याचे खरे मर्म होय. २०१७ साली एलव्हीएमएच आणि केरिंग या बलाढ्य फ्रेंच कंपन्यांनी स्त्रियांसाठीचे ३२ क्रमांकाचे माप आपल्या निवडीतून काढून टाकले, म्हणजे अखेर मूळ कोष्टकालाच हात घातला.

भारतात असा कायदा नाही, आणि आपल्याकडील परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ हून कमी आहे, आणि त्यांतील असंख्यांची कृशता दारिद्र्याची आहे. ज्या देशात एकीला अन्न मिळत नाही म्हणून ती वाळते, तेथे दुसरीने समोरचे ताट दूर सारून वाळावे यासाठी बाजाराने तिला मोल द्यावे, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशकारक वाटते. स्वतःला उपाशी ठेवण्याचा हा विकार आपल्याकडे नाहीच, असेही समजू नये. जयनगरापासून जवळच असलेल्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतील डॉ. प्रभा चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. तीत सुमारे दोन तृतीयांश तज्ज्ञांनी खाण्याच्या विकाराचे रुग्ण पाहिल्याचे सांगितले.

उपायाची सामग्री मात्र या शहराच्या हाताशी आहे. भारतीय देहाची स्वतःची मापे निश्चित करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ ही पाहणी हाती घेतली. १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांचे मोजमाप घेण्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत मुंबईबरोबर बंगळूरही आहे. देशातील वस्त्रनिर्मितीचे हे एक प्रमुख केंद्र. येथील कारखानदार, रचनाकार आणि फॅशनचे शिक्षण देणाऱ्या संस्था यांनी नमुन्याचा पोशाख एकाऐवजी दोन-तीन मापांत शिवण्याचा नियम स्वतःहून घालून घेतला, अठरा वर्षांखालील मुलीस प्रौढांच्या रॅम्पवर न उतरवण्याची शिस्त पाळली, आणि सरकारने वैद्यकीय दाखल्याची जबाबदारी नेमणाऱ्यावर टाकली, तर एकाही मुलीला उपदेश न करता तिचे ताट तिला परत मिळेल.

वाचकांना एवढीच विनंती, की घरातील मुलीची पाळी थांबली, ती सर्वांबरोबर जेवावयास टाळू लागली, सतत थंडीची तक्रार करू लागली, तर तिला रागावू नये व तिच्या अंगकाठीची स्तुतीही करू नये. विनाविलंब वैद्यास दाखवावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. पुढील लेखांकात हेच पोशाख शिवणाऱ्या बंगळूरच्या कारखान्यांतील स्त्री-कामगारांच्या आरोग्याचा विचार करू.