ती गेलीच कशाला?

गावात कोणी गेलं की बायका जशा खालच्या आवाजात बोलतात, तशाच त्या दिवशी बोलत होत्या. ‘‘कसा गेला वं?’’ ‘‘बॉम फुटला म्हणे.’’ ‘‘पक्का मेला का पण?’’ ‘‘प्रेत कुठं दाखवलं त्यायनं!’’ बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, रिठदमध्ये कोणाच्या तरी घरी मोठं दुःख झालंय. पण गेला होता तो एसीपी प्रद्युम्न. ‘सीआयडी’मधला!

एप्रिल २०२५ मधली ही गोष्ट. तिग्मांशू धुलियाने केलेल्या बार्बोझा या खलनायकाने स्फोट घडवला आणि त्यात प्रद्युम्न गेले, असं त्या भागात दाखवलं. वाहिनीने तर १९९८ ते २०२५ असं लिहून श्रद्धांजलीचं चित्रही टाकलं. ते पोरींच्या मोबाइलवर फिरलं आणि म्हाताऱ्यांचा जीव वरखाली झाला. ‘‘शिवाजी साटम बरे आहेत ना पण?’’ असं मला तिघींनी विचारलं. प्रेत दिसलं नाही म्हणजे माणूस मेला नाही, असा निकाल आमच्या गल्लीतल्या एका आजीने मात्र पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. पुढे प्रद्युम्न मालिकेत परत आले आणि आजींचा भाव वधारला.

हसू येतं खरं, पण इतकी वर्षं एखादा माणूस रात्री आपल्या घरात येत असेल तर तो घरचाच होतो, नाही का? २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि ही मालिका जवळपास एकाच वयाचे! तेव्हा गावात केबल थोड्याच घरी. ज्यांच्याकडे असेल त्यांच्या बैठकीत आजूबाजूच्या बायका-पोरं दाटीवाटीने बसायची. त्यात भारनियमनाचे दिवस. दया दाराला खांदा लावणार तेवढ्यात लाइट जायची! मग अंधारात बसून खुनी कोण, यावर चर्चा. मला वाटतं, भागाची चर्चा करायची सवय आम्हाला त्या अंधारातच लागली.

या मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग. त्याआधी त्यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती आणि साटम त्यातही होते. बँकेत नोकरी केलेला हा मराठी माणूस हिंदीतला सगळ्यात ओळखीचा पोलीस झाला, याचं आपल्याकडे कौतुक होतंच. २००४ मध्ये तर ‘सीआयडी’ने १११ मिनिटांचा अख्खा भाग कुठेही न कापता एकाच सलग दृश्यात चित्रित केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दीड हजारांहून जास्त भाग झाल्यावर मालिका थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस खरोखरच गेले, तेव्हा हसवणारा माणूस गेला म्हणून घराघरात हळहळ झाली. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा १९९८ ला आईच्या मांडीवर बसून पाहणाऱ्या पोरी आता स्वतःची लेकरं मांडीवर घेऊन पाहत होत्या.

पण मला आज मालिकेबद्दल नाही, मालिकेवरच्या आपल्या चर्चेबद्दल लिहायचंय. बचत गटाच्या कामामुळे दर महिन्याला पंधरा-वीस बायका माझ्यासमोर बसलेल्या असतात. हप्ते गोळा होतात, वहीत सह्या होतात आणि मग विषय निघतोच, ‘‘काल पाह्यलं का?’’

या चर्चेत ठरलेल्या बायका असतात. एक पहिल्या पाच मिनिटांत खुनी सांगणारी. तिला नेहमी नोकराचा संशय असतो आणि ती नेहमी चुकते. दुसरी घर पाहणारी. ‘‘दोन कप होते ना ओट्यावर? एकटी राह्यते म्हणे, मग दोन कप कशाले?’’ अशी बारीक नजर साळुंखे डॉक्टरांनाही नसेल! वर्षानुवर्षं घर आवरणाऱ्या बाईला घरातली हललेली वस्तू लगेच दिसते, त्यात नवल ते काय?

आणि तिसरी. ही प्रत्येक गावात, प्रत्येक गटात असते. चर्चा रंगात आली की ती एकच प्रश्न टाकते, ‘‘पण मी म्हन्ते, ते गेलीच कशाले तिथं?’’

या प्रश्नाची खरी ताकद कळली ती ‘देवमाणूस’ सुरू असताना. ३१ ऑगस्ट २०२० ला झी मराठीवर ती मालिका सुरू झाली. कोरोनाचा काळ, सगळे घरातच. रात्री साडेदहाला किरण गायकवाडचा तो गोड बोलणारा डॉक्टर पडद्यावर आला की आमच्याकडे शांतता पसरायची. सरू आजीच्या बोलण्यावर हसायचं, अमरावतीच्या नेहा खानने केलेल्या एसीपी दिव्याचं आपली मुलगी म्हणून कौतुक करायचं आणि मग पुढच्या प्रसंगाला जीव मुठीत धरायचा.

‘सीआयडी’त प्रश्न असतो, खुनी कोण? ‘देवमाणूस’मध्ये तो पहिल्यापासून माहीत होता. गाव ज्याला देवमाणूस म्हणतं तोच बायकांचा काळ आहे, हे आपल्याला कळलेलं, फक्त त्या बाईला कळलेलं नाही. ती दागिने घेऊन, चोरून त्याच्याकडे निघाली की आमच्या घरात ओरडा व्हायचा, ‘‘जाऊ नको वं माय! जाऊ नको!’’ मोठ्या बायका टीव्हीसमोर हात जोडायच्या. इतकी माया!

आणि दुसऱ्या दिवशी त्याच तोंडाने, ‘‘अक्कल कुठं गेलती तिची? गेलीच कशाले?’’

रात्री जिच्यासाठी जीव तुटत होता, ती सकाळी गुन्हेगार कशी होते, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, त्यात दुष्टपणा नसतो, भीती असते. तिने काहीतरी चुकीचं केलं म्हणून तिच्यावर वेळ आली, असं म्हटलं की आपण सुरक्षित होतो. मी तशी नाही, मी जाणार नाही, म्हणजे माझं काही होणार नाही. मनाची समजूत! पण ही समजूत फार महागात पडते.

‘देवमाणूस’ला सातारा जिल्ह्यातल्या ज्या खऱ्या प्रकरणाचा आधार होता, ते आठवून पाहा. जून २०१६ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी वाईची एक बाई बेपत्ता झाली. ऑगस्टमध्ये पोलिसांनी डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला अटक केली आणि धोम गावच्या त्याच्या शेतातल्या घराजवळ जमीन खणली, तेव्हा मानवी सांगाडे निघाले. २००३ पासून सहा जणांचे जीव घेतल्याचा आरोप पोलिसांनी त्याच्यावर ठेवला. त्या सहांत पाच बायका होत्या. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. पण २००३ ते २०१६ म्हणजे तेरा वर्षं. एकेक बाई जात राहिली आणि जग चालत राहिलं. शेवटची जी गेली, तिच्या मागे घरचे होते आणि संघटनेच्या बायका होत्या. त्यांनी ‘आमची बाई कुठे आहे’ हे विचारणं सोडलं नाही.

आधीच्या बायकांबद्दल गावोगाव काय बोललं गेलं असेल? मी तिथली नाही, पण आपल्याकडे काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. ‘‘गेली असंल कोणासंगं पळून.’’ एवढं वाक्य पुरतं. ते एकदा म्हटलं की शोधायला कोणी जात नाही, कारण शोधणाऱ्याचीच लाज निघते.

म्हणून गटातला एक दिवस सांगते. ‘देवमाणूस’च्या अशाच एका ताणलेल्या भागाची चर्चा चालली होती. ‘गेलीच कशाला’ झालं, ‘सांगाव नाही का कोणाले’ हेही झालं. एक जण कायम गप्प असायची. हप्ता भरायचा, सही करायची, निघून जायचं. ती त्या दिवशी वहीवरची मान वर न करता म्हणाली, ‘‘सांगतलं असतं तं कोन आइकलं असतं?’’

सगळ्या गप्प झाल्या. कोणीतरी विषय बदलला. सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. तिच्या धाकट्या बहिणीचा फोन बारा दिवसांपासून लागत नव्हता. सासरचे म्हणत होते, रुसली आहे, बोलत नाही. वडील म्हणत होते, चार दिवस थांब, उगाच बभ्रा नको. आणि ही बाई कोणाला विचारत नव्हती, कारण विचारलं तर लोक काय म्हणतील, ते ती दर महिन्याला गटात बसून ऐकत होती!

गावाचं नाव सांगत नाही, तिची ओळख नको. पोलीस पाटलांना भेटून आम्ही सहा जणी निघालो. ज्या ठाण्यात गेलो तिथे आधी ‘नवरा-बायकोचं भांडण असेल, थांबा दोन दिवस’ हेच ऐकावं लागलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपार झाली, डबा सोडून तिथेच जेवलो. शेवटी एक शिपाई आमच्यासोबत दिला. बहीण सासरीच होती. फोन काढून घेतलेला, मनगट सुजलेलं, दारात आम्हाला पाहून तिला आधी खरंच वाटेना. ती माहेरी आली. पुढे काय करायचं ते ठरायला तिला बरेच महिने लागले. पण ठरवायला ती होती.

मैत्रिणींनो, मालिकेतलं ठाणं आणि आपलं ठाणं यात फरक असतो, तो चर्चेत येत नाही म्हणून लिहिते. माणूस बेपत्ता झाल्यावर २४ तास थांबावं लागतं, असा नियमच नाही. लगेच तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. खबरीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यायची. कलम १७९ प्रमाणे बाईला साक्षीदार म्हणून विचारपूस करायची तर ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे यावं लागतं. तातडीच्या मदतीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक लेकीसुनांच्या फोनमध्ये असू द्या. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात.

आणि हो, दयाच्या एका थपडेत गुन्हा कबूल होतो, ते टीव्हीवरच! पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. साळुंखे डॉक्टर नमुना नळीत हलवून लगेच निकाल सांगतात; आपल्याकडचे नमुने अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातात आणि वाट पाहावी लागते. खऱ्या तपासाला वेळ लागतो. म्हणूनच खबर लवकर पोहोचलेली बरी. आणि ती पोहोचवायला आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं की बाई दिसली नाही.

हे लक्षात येणं हे आपलं काम आहे. ओट्यावरचा दुसरा कप पाहणारी नजर आपल्याकडे आहेच की! चार दिवस जिच्या दारात सडा पडला नाही, जी दोन महिने हप्ता दुसऱ्याच्या हाती पाठवते, जिचा फोन नेहमी नवराच उचलतो, ती आपल्याला दिसते. फक्त आपण तिच्याकडे जाऊन विचारत नाही.

तेव्हा मालिका पाहू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. पाहा, आणि चर्चाही रंगवून करा. बाईला घरात जे बोलता येत नाही ते ती मालिकेतल्या बाईच्या नावाने बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आपल्यात बसलेली एखादी गप्प बाई ती चर्चा ऐकत असते, एवढं ध्यानात ठेवू या. ‘ती गेलीच कशाला’ हे ऐकून ती आणखी गप्प होते. आमच्या गटात आता कोणी तो प्रश्न टाकला की दुसरी कोणीतरी म्हणते, ‘‘ते राहू दे. ते दिसत नाही हे कोनाच्या ध्यानात आलं, ते सांग.’’ मग चर्चा वेगळ्याच वाटेने जाते, आणि कधी कधी एखादी मागे थांबते.