अर्भकांच्या नेत्रहालचालींचे मापन : पद्धती आणि अर्थनिर्णय

प्रस्तावना

अर्भकाला बोलता येत नाही, सूचना समजत नाहीत आणि हातांवर त्याचे पुरेसे नियंत्रण नसते. त्यामुळे त्याला काय कळते, हे जाणून घेण्याचे मार्ग मोजकेच उरतात. नजर वळविण्याची क्षमता मात्र काही प्रमाणात जन्मतःच असते. म्हणूनच विकासात्मक मानसशास्त्रात नेत्रहालचालींच्या मापनाला विशेष महत्त्व आहे. तथापि, यंत्राने नोंदविलेली नजर आणि संशोधकाने तिला दिलेला अर्थ या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पद्धतींचा विकास

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक साधी पद्धत रूढ केली. अर्भकापुढे दोन आकृत्या ठेवून, त्याच्या बाहुलीवर कोणत्या आकृतीचे प्रतिबिंब पडते हे लहान छिद्रातून पाहिले जाई. कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे अर्भके अधिक काळ पाहतात, असे त्यातून आढळले. तीच आकृती पुनःपुन्हा दाखविल्यास पाहण्याचा काळ घटतो व नव्या आकृतीकडे लक्ष वळते, हे त्यांनी १९६४ मध्ये दाखविले.

या पद्धतीने नजरेची दिशा व कालावधी कळत असे. आकृतीतील नेमका बिंदू कळत नसे. सॅलापाटेक व केसन यांनी १९६६ मध्ये डोळ्याच्या छायाचित्रणातून नवजात अर्भकांची नजर त्रिकोणाच्या शिरोबिंदूजवळ केंद्रित होते, असे नोंदविले. मॉरर व सॅलापाटेक यांच्या १९७६ च्या अभ्यासात एक महिन्याची अर्भके चेहऱ्याच्या बाह्य कडेकडे, तर दोन महिन्यांची प्रामुख्याने डोळ्यांकडे पाहताना आढळली.

आजच्या यंत्रात डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकला जातो. बाहुलीचा मध्य आणि स्वच्छमंडलावरील प्रकाशबिंदू यांतील अंतर डोळा फिरताना बदलते. त्यावरून पडद्यावरील दृष्टिबिंदू काढला जातो. अशा नोंदी सेकंदाला अनेक वेळा होत असल्याने नजर केव्हा वळली हेही कळते. जॉन्सन, अॅम्सो व स्लेमर यांच्या २००३ च्या प्रयोगात आडोशामागे गेलेला चेंडू कोठून बाहेर येईल, याचा अंदाज घेऊन सहा महिन्यांची अर्भके चार महिन्यांच्या अर्भकांपेक्षा अधिक वेळा आधीच तिकडे पाहत होती. ज्या चार महिन्यांच्या अर्भकांना प्रथम चेंडूचा संपूर्ण मार्ग दाखविला, त्यांच्यातही हे पूर्वानुमान वाढले.

मापनातील मर्यादा

पहिली अडचण कॅलिब्रेशनची, म्हणजे विशिष्ट डोळ्याशी यंत्र जुळवून घेण्याची आहे. प्रौढाला ‘या बिंदूकडे पाहा’ असे सांगता येते. अर्भकासाठी ठरावीक जागी हलते, आवाज करणारे चित्र दाखवून ते तेथेच पाहत आहे असे गृहीत धरावे लागते. ६० सेंमी अंतरावर १ अंशाची चूक म्हणजे पडद्यावर सुमारे १ सेंमीचे विस्थापन होय. पडद्यावरील चेहऱ्यात डोळे व तोंड यांत ४ सेंमी अंतर असल्यास २ अंशांच्या चुकीने डोळ्यांवरील नजर नाकावर नोंदली जाऊ शकते.

दुसरी अडचण शरीररचनेची आहे. डोळ्याचा भौमितिक अक्ष आणि प्रत्यक्ष दृष्टिरेषा एकच नसतात. अर्भकाच्या लहान डोळ्यात त्यांतील कोन प्रौढापेक्षा मोठा असतो. प्रौढांचे प्रमाण अर्भकांना जसेच्या तसे लावल्यास पद्धतशीर चूक होते.

तिसरी अडचण खंडित नोंदींची आहे. अर्भक हलले की नोंद तुटते व एक दीर्घ स्थिरदृष्टी अनेक लहान तुकड्यांत मोजली जाते. लहान वयात हालचाल अधिक असल्यास यंत्रातील हा दोष वयानुसार झालेला ‘विकास’ म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो.

अर्थनिर्णय

अधिक काळ पाहणे म्हणजे आवड, आश्चर्य, की केवळ नजर सोडविता न येणे, हे यंत्र सांगत नाही. हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. जोन्स व क्लिन यांनी २०१३ मध्ये, पुढे ऑटिझमचे निदान झालेल्या बालकांत इतरांच्या डोळ्यांकडे पाहण्याचे प्रमाण दोन ते सहा महिन्यांच्या काळात घटत गेल्याचे दाखविले. लवकर ओळख पटल्यास लवकर साहाय्य देता येते, म्हणून हे संशोधन मोलाचे आहे. परंतु गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे एका बालकाचे निदान नव्हे. तेथे काही अंशांची चूक एखाद्या कुटुंबाला अकारण चिंतेत टाकू शकते, किंवा खोटा दिलासा देऊ शकते.

समारोप

यास्तव कॅलिब्रेशनमधील चूक, गमावलेल्या नोंदींचे प्रमाण आणि वगळलेल्या अर्भकांची संख्या निष्कर्षांसोबत देणे आवश्यक ठरते. अर्भकाचा डोळा कोठे वळला हे यंत्र सांगते. तो का वळला, हे ठरविण्यासाठी प्रयोगाची सुयोग्य रचना आणि पर्यायी स्पष्टीकरणांची कसोटी लागते.