न विचारलेला प्रश्न

स्त्रीदेहाविषयीच्या वैद्यकीय ज्ञानाचा इतिहास सांगावयाचा म्हटले की आपण ग्रीसपासून आरंभ करतो. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच मुळी गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून आलेला. स्त्रीच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ तेथेच, अशी ती समजूत होती. पुढे १८२७ मध्ये फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज प्रथम दाखवून दिले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत एम. डी. पदवी मिळविली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. बाळंतपणात स्त्रिया दगावत असताना तो विषय स्वाभाविकच होता. तथापि वैद्यकाची नजर दीर्घकाळ गर्भारपणावरच खिळून राहिली, हेही खरे.

या इतिहासातील एक महत्त्वाचे पान मात्र आपल्या अगदी शेजारी लिहिले गेले. जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर प्राणहिता वाहते. २०१६ च्या विभाजनात तो काठ आपल्या जिल्ह्यातून गेला. पलीकडे पूर्वीप्रमाणेच गडचिरोली आहे. तेथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. रुग्णालयात आलेल्या स्त्रियाच तेवढ्या मोजावयाच्या, ही रूढ पद्धत त्यांनी सोडली. तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियांची विचारपूस, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या त्यांनी केल्या. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. सरासरी दरडोई ३.६. यांतील निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के! संततिनियमनाच्या साधनांवर खापर फोडण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांचा संबंध आढळला, पण त्यातून या रोगभाराचा अल्पसा भागच स्पष्ट होत होता.

मला स्वतःला याहून अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा. ४५ टक्के स्त्रियांनी काहीच तक्रार सांगितली नव्हती. म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील ज्या मौनाला आपण आरोग्य समजतो, त्यातील बरेचसे आजारपणच असते. शरीररचना आपणांस पाठ होती. न्यूनता होती ती विचारण्यात. ‘अंगावरून पांढरे जाते’ असे एखादी बाई खाली मान घालून सांगते, तेव्हा टॉनिक लिहून मोकळे होणारे आपल्यात कमी नाहीत. प्रस्तुत लेखकही एके काळी त्यांतलाच.

१९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेत प्रजनन-आरोग्याचा विचार अग्रभागी आला, आणि १९९७ मध्ये भारत सरकारचा प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जननमार्गाच्या संसर्गावरील उपचारांना स्थान मिळाले. स्त्रियांशी झालेल्या संवादांतून डॉ. राणी बंग यांनी पुढे ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिले. आपल्याकडे तोच कानोसा मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दूतही घ्यावा लागतो. त्या भाषांत ‘पांढरे जाणे’ यासाठी बायका आपापसांत कोणते शब्द वापरतात, हे आपल्या दवाखान्यातील परिचारिकेला बहुधा ठाऊक असते. आपण तिला विचारलेले नसते.