रिकाम्या तासाचा हिशेब

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. हा आकडा वाचून वाटतं, समुपदेशकाने पाटी लावायचा अवकाश, रांग लागेल. पण मदतीची गरज असणं वेगळं आणि दर आठवड्याला खिशातून पैसे मोजून येणं वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ ने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचं स्थान दिलं खरं, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. समुपदेशनासाठी दाखल कोण होतं?

म्हणून जरा पदरच्या आकड्यांनी मांडणी करू. पुण्यात कोथरूडला भाड्याची खोली, सेशनची फी १,५००, आठवड्याला २० स्लॉट. गणपती, दिवाळी, मे महिना आणि स्वतःची आजारपणं वगळून कामाचे आठवडे ४४. म्हणजे वर्षाला ८८० सेशन्स, १३ लाख २० हजार रुपये. कागदावर झकास!

आता गळती बघा. सकाळी साडेनऊला व्हॉट्सॲप येतो, "मॅडम, आज नाही जमणार, गावाहून पाहुणे आलेत." वेळ दहाची. तो तास दुसऱ्या कुणाला देता येत नाही. अशी १५ टक्के सेशन्स बुडाली, तर उरतात ७४८. त्यातलं दर पाचवं सवलतीत, ७०० रुपयांत धरू. विद्यार्थी येतात, नोकरी गेलेले येतात, आणि धरायलाच हवं. सरासरी फी १,३४० वर येते आणि जमा १० लाख २ हजारांच्या आसपास.

वर्षाच्या खर्चात भाडं १ लाख ८० हजार. वीज, इंटरनेट, साफसफाई ६० हजार. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपल्या कामाची उजळणी, ४८ हजार, कार्यशाळा ४० हजार, सीएची फी १५ हजार, व्यवसाय कर २,५००. एकूण ३,४५,५००. हातात साडेसहा लाखांच्या वर थोडे, म्हणजे महिन्याला ५४,७०० च्या आसपास, तेही आयकराआधी. शिवाय प्रत्येक सेशनमागे नोंदी, फोन आणि तयारीला अर्धा तास जातोच. तो धरला तर तासाला ५८५ रुपये पडतात. सुपरव्हिजनचे ४८ हजार वाचवावेत असं नवख्यांना फार वाटतं. मला ती सगळ्यात वाईट काटकसर वाटते.

मग फी वाढवावी? पूर्ण फी देणाऱ्यांकडून १०० रुपये जास्त घेतले, तर वर्षाला जवळपास ६० हजार वाढतात. उलट बुडणारी सेशन्स १५ वरून ५ टक्क्यांवर आणली, तर ८८ सेशन्स वाचतात, म्हणजे सुमारे १ लाख १८ हजार. जवळजवळ दुप्पट. तेव्हा '२४ तास आधी न कळवल्यास निम्मी फी' हा नियम पहिल्याच भेटीत, लेखी आणि न ओशाळता सांगावा. आपल्याकडे पैशाचं बोलणं अवघड जातं; पण तिसऱ्यांदा दांडी मारल्यावर ते काढलं, तर नातंच बिघडतं.

जागेचं गणितही तपासण्यासारखं आहे. एखाद्या दवाखान्यात तासाला २०० रुपयांनी खोली मिळाली, तर ८८० च्या ८८० तासांचं भाडं १ लाख ७६ हजार होतं. बुडालेले तास धरूनसुद्धा स्वतःच्या खोलीच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा कमी. वीज-झाडलोट बहुधा त्यातच. पहिल्या दोन वर्षांत स्वतःच्या पाटीचा हट्ट नको.

खरा पेच वेगळाच आहे. क्लायंट सरासरी आठ सेशन्स येतो असं धरलं, तर ७४८ भरायला वर्षाला ९३-९४ नवी माणसं लागतात, महिन्याला जवळपास आठ. काम जितकं नेटकं, तितकी खुर्ची लवकर रिकामी. बऱ्या झालेल्या क्लायंटला आणखी चार वेळा बोलावण्याचा मोह इथेच होतो, आणि हिशेबाच्या वहीत तो कुठेही दिसत नाही. सुपरव्हिजनमध्ये तेवढा दिसतो, म्हणून ते ४८ हजार.