पाच दिवसांचे काठमांडू : समूहाने करावयाचे साहस

परदेश प्रवास म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मोठा खर्च उभा राहतो, आणि साहस म्हटले की कॉलेजातील मुले. पन्नाशी-साठीच्या माणसांनी देवळे, लेणी, वस्तुसंग्रहालये पाहावीत आणि तरुणांनी डोंगर चढावेत, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकलेली असते. २०१९ च्या दिवाळीनंतर आमच्या वसाहतीतील चौदा जणांनी ही वाटणी मोडायचे ठरविले. वय वर्षे एकोणीस ते त्रेसष्ट, त्यात पाच महिला. दोन वर्षे भिशी भरून पैसे जमविले आणि पाच दिवसांसाठी काठमांडू गाठले. अशी सहल कशी आखावी, साहस म्हणजे नेमके काय करावे लागते आणि समूहाचा प्रमुख कोठे चुकतो, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. प्रमुख मीच होतो. तेव्हा चूकही माझीच.

काठमांडूच का ?

पहिले कारण सोयीचे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीजवळ वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक असावे लागते. केवळ आधार कार्ड खिशात आहे म्हणून निश्चिंत राहू नये. दुसरे कारण पैशाचे. १९९३ पासून भारतीय शंभर रुपयांस नेपाळी एकशे साठ रुपये असा दर ठरलेला आहे. त्यामुळे भाव रोज वरखाली होण्याची धास्ती नाही आणि हिशेब ठेवणे सोपे जाते.

तिसरे कारण खुद्द त्या शहराचे. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात वसले आहे. १९७९ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन्ही महान स्तूप त्यातच येतात. शिवाय शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर जंगलाची चढण आहे, आणि वेगाने वाहणारी नदीही आहे. थोड्या दिवसांच्या सहलीला अशी जागा दुसरी शोधून सापडणे कठीण.

पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आकाश स्वच्छ असते. दिल्लीहून जाताना विमानात डाव्या बाजूची जागा मिळाली तर हिमालयाची रांग दिसते. आम्ही ती पाळीपाळीने पाहिली.

पंधरा मिनिटांचा धडा

पोहोचताच घड्याळ लावून घ्यावे. नेपाळची वेळ भारतापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. ही गोष्ट मी विमानातच सर्वांना सांगितली होती. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे चार जण बरोबर पंधरा मिनिटे उशिरा खाली आले, आणि आपण वेळेवरच आलो असा त्यांचा दावा होता ! त्या वेळी आम्ही हसलो. परंतु “सांगितले” आणि “समजले” यांत अंतर असते, हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते.

त्या दिवशी स्वयंभूच्या पूर्वेकडील पायऱ्या चढलो. त्या ३६५ आहेत असे सांगतात. खाली आखूड वाटणाऱ्या पायऱ्या वर जाता जाता उभ्या होत जातात. माकडांचा सुळसुळाट असल्याने हातात खाण्याची पिशवी धरू नये. संध्याकाळी बौद्धनाथला गेलो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात या स्तूपाच्या वरच्या भागास तडे गेले होते. तो भाग उतरवून नव्याने बांधला गेला आणि २०१६ च्या नोव्हेंबरात स्तूप पुन्हा खुला झाला. दिवे लागण्याच्या वेळी शेकडो माणसे उजवी घालून स्तूपाला प्रदक्षिणा करीत होती. म्हातारी माणसे, शाळकरी मुले, काठी टेकणारे, सर्व एकाच ओघात. कोणी कोणाला मागे टाकत नव्हते.

शिवपुरीची चढण

तिसऱ्या दिवशी खरे साहस होते. शहराच्या उत्तरेस शिवपुरी नागार्जुन राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील शिवपुरी शिखराची उंची २,७३२ मीटर. बागमती आणि विष्णुमती या काठमांडूच्या दोन्ही नद्या याच डोंगरात उगम पावतात. बुढानीलकंठपर्यंत गाडीने जाऊन प्रवेशपत्र घ्यावयाचे आणि पुढे जंगलातून, दगडी पायऱ्यांवरून चालावयाचे. चढण हजार मीटरांहून अधिक आहे. चालण्याची सवय असलेल्यालाही चार तास लागतात.

येथे उंचीविषयी दोन शब्द. साधारणतः २,५०० मीटरच्या वर काही जणांना विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. शिवपुरीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम तीन-चतुर्थांश असतो. तेथे मुक्काम करावयाचा नसल्याने सहसा आजारपण येत नाही. परंतु दम लवकर लागतो आणि हृदयाला काम अधिक पडते. ज्याचा रक्तदाब मुळातच वाढलेला आहे, त्याने ही गोष्ट डॉक्टरांना विचारूनच करावी.

हे सर्व मला ठाऊक होते. म्हणूनच निघण्यापूर्वी मी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला होता. “माझी प्रकृती ठीक आहे,” असे छापलेले वाक्य आणि खाली सही. चौदाच्या चौदा सह्या आल्या, फाइल पूर्ण झाली. बँकेत सही जुळली की व्यवहार पुरा झाला असे मानण्याची आम्हांला सवय लागलेली असते.

चढण सुरू झाल्यावर पाच तरुण पुढे निघून गेले. मी मधल्या घोळक्यात होतो. सर्वांत मागे आमचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सर्व जण गुरुजी म्हणतो, आणि त्यांच्या सोबतीला वसाहतीतील एक ताई. स्थानिक वाटाड्या तरुणांबरोबर पुढे. एका फाट्यावर आम्ही थांबलो. दहा मिनिटे झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. मागचे दोघे येईनात. फोनला रेंज नव्हती. जंगलात इतकी शांतता होती की स्वतःचा श्वास ऐकू यावा. मी धावतच खाली उतरलो.

गुरुजी एका पायरीवर बसले होते. अंगाला दरदरून घाम, चेहरा पांढरा. ताई त्यांना घोट घोट पाणी पाजत होत्या. “काही नाही रे, जरा बसलोय,” एवढेच ते म्हणाले. नंतर कळले की गुरुजींना सहा वर्षांपासून रक्तदाबाचा विकार आहे आणि त्या दिवशी सकाळची गोळी त्यांनी मुद्दाम घेतली नव्हती. त्या गोळीने वारंवार लघवीला जावे लागते; रस्त्यात बायामाणसांसमोर अडचण नको, आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा नको, म्हणून !

वाटाड्याला वरून बोलावून घेतले. शिखर सोडून दिले. पायरीगणिक थांबत, दोघांनी आधार देत, आम्ही सर्व चौदा जण खाली आलो. शहरातील डॉक्टरांनी तपासले, रक्तदाब बराच वाढलेला होता. औषध आणि विश्रांतीने रात्रीपर्यंत तो खाली आला. आणखी तासभर चढलो असतो तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

नदीवर कोण आणि काठावर कोण

चौथ्या दिवशी त्रिशुली नदीवर राफ्टिंग होते. काठमांडूहून पोखऱ्याकडे जाणारा महामार्ग या नदीच्या काठाकाठाने जातो. बसने सुमारे तीन तासांत राफ्ट सोडण्याच्या जागी पोहोचता येते. नदीच्या खळाळांना त्यांच्या जोरानुसार एक ते सहा अशी श्रेणी देतात. त्रिशुलीच्या नेहमीच्या टप्प्यात तिसऱ्या श्रेणीपर्यंतचे खळाळ येतात. पोहता न येणाराही लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालून बसू शकतो, मात्र वाटाड्याचा हुकूम तंतोतंत पाळला पाहिजे. पाण्यात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. म्हणून पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून वाहू द्यावे आणि राफ्टमधून दोर येण्याची वाट पाहावी. ही सूचना काठावर प्रत्येकाकडून प्रत्यक्ष म्हणवून घेतली. घड्याळाचा धडा आता कामी आला.

बारा जण राफ्टमध्ये बसले. जन्मात कधी नदीत न उतरलेल्या त्या ताई पुढच्या जागेवर जाऊन बसल्या. मी गुरुजींबरोबर मागे राहिलो आणि बसने पुढच्या ठिकाणी गेलो. खरे सांगायचे तर मला थोडे वाईट वाटत होते, कारण वर्षभर राफ्टिंगची सर्वांत जास्त जाहिरात मीच केली होती.

बसमध्ये गुरुजींना मी विचारले, “गुरुजी, तुम्हांला एवढा त्रास आहे तर आधी बोलला का नाहीत ?”

ते म्हणाले, “अरे बाबा, बोललो असतो तर तुम्ही मला आणलेच नसते. मला कुठे शिखर पाहायचे होते ! बाबासाहेब १९५६ साली नोव्हेंबरात या शहरात आले होते. माझा जन्म त्याच वर्षीचा. ते शहर एकदा पाहायचे होते, एवढेच.”

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या महिनाभराने, प्रकृती खालावलेली असताना, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनासाठी काठमांडूला आले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांविषयीचे त्यांचे प्रसिद्ध भाषण येथलेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हा इतिहास मलाही माहीत होता. परंतु आमच्या सहलीत गुरुजी कशासाठी येत आहेत, हे दोन वर्षांच्या भिशीत मी एकदाही विचारले नव्हते. माझ्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

शेवटच्या दिवशी विमानाला वेळ होता. बाजारहाट रद्द करून आम्ही सर्व जण पुन्हा बौद्धनाथला गेलो आणि गुरुजींच्या चालीने एक प्रदक्षिणा केली. तरुणांपैकी कोणीही पुढे गेले नाही.

पुढे जाणाऱ्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, अशी सहल तुम्ही जरूर काढा. पुढील गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

१. प्रकृतीची चौकशी सभेत करू नये. प्रत्येकाला एकेकटे भेटून विचारावे. चारचौघांत कोणी आपला आजार सांगत नाही.

२. औषधे कोणती, कोणत्या वेळी, हे एका जबाबदार व्यक्तीजवळ लिहून ठेवावे. वाटेत शौचालयाची सोय कोठे आहे ते आधी सांगावे. ही बाब क्षुल्लक नाही.

३. चढणीवर सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. सर्वांच्या मागे एक जाणता माणूस असावा, त्याच्याजवळ शिट्टी असावी. प्रत्येक फाट्यावर शिरगणती करावी.

४. स्थानिक सिमकार्ड निदान दोघांनी घ्यावे. प्रवास विमा काढताना त्यात साहसी खेळ समाविष्ट आहेत का, हे वाचून पाहावे. पुष्कळदा ते वगळलेले असतात.

५. जमलेल्या रकमेचा दहावा भाग आकस्मिक खर्चासाठी बाजूला ठेवावा. आमचा डॉक्टरांचा आणि जादा गाडीचा खर्च त्यातूनच निघाला.

६. प्रत्येक दिवशी एक सोपा पर्याय असावा आणि तो निवडणाऱ्यासोबत प्रमुखाने स्वतः थांबण्याची तयारी ठेवावी. “मी येत नाही” असे म्हणणे ज्या समूहात सोपे असते, तोच समूह साहसाला लायक समजावा.

शिवपुरीचे शिखर आमच्यापैकी कोणीच पाहिले नाही. त्याची खंत तरुणांना आहे, आणि ते पुन्हा जाणार आहेत. गुरुजींनी यंदाच्या भिशीचा पहिला हप्ता भरला आहे. या वेळी फॉर्मवर सही घेण्यापूर्वी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला आणि सर्व काही विचारून घेतले.