स्वरभक्तीतील स्वराची निवड

दोन व्यंजनांचा संयोग उच्चारास अवघड झाला म्हणजे भाषा पुष्कळदा त्यांच्या मध्ये एखादा स्वर घालते. प्रातिशाख्यांत 'स्वरभक्ति' ही संज्ञा मुख्यतः रेफानंतर ऐकू येणाऱ्या अल्प स्वरांशाला होती. आज ती या सर्व प्रक्रियेस लावतात. परंतु स्वर येतो एवढे सांगून विषय संपत नाही. अनेक स्वरांपैकी अमुकच स्वर का येतो, हा खरा प्रश्न होय.

वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'च्या तिसऱ्या परिच्छेदात क्लिष्ट, श्लिष्ट, रत्न, क्रिया व शार्ङ्ग हे शब्द एकत्र घेतले आहेत. संयोग फुटला असता पूर्वव्यंजनास पुढील व्यंजनाचाच स्वर मिळतो, असे तो सांगतो. क्रियाचे 'किरिआ', क्लिष्टाचे 'किलिट्ठ' होते ते यामुळे. बाराव्या शतकातील हेमचंद्र मात्र आगंतुक स्वर कोणता, यावरून शब्दांचे गट पाडतो. त्याच्या उकाराच्या गटात पद्म (पउम), द्वार (दुवार) व मूर्ख (मुरुक्ख) हे शेजारी आहेत. यांतील कारणे एक नव्हेत. 'मुरुक्ख' मध्ये शेजारच्या स्वराचे अनुकरण दिसते. 'पउम' मध्ये असा उकार शेजारी नाही, तेथे ओष्ठ्य मकाराचा प्रभाव मानावा लागतो. म्हणजे आगंतुक स्वरावर स्वर व व्यंजन या दोघांचाही हक्क चालतो. वर्ष, हर्ष यांपासून झालेल्या 'वरीस', 'हरीख' या मराठी रूपांतील इकारही शेजारच्या अकारावरून आलेला नाही.

मराठीत हा प्रश्न तपासण्यास फारसीमार्गे आलेले शब्द विशेष उपयोगी आहेत. बहामनी व आदिलशाही अंमलात कारभाराबरोबर ते आपल्या प्रदेशात रुजले. राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव ज्यूलियन यांचा 'फारसी-मराठी कोश' (१९२५) यासाठी हाताशी असावा. मूळच्या हुक्म, ज़ुल्म, मुल्क, क़ुफ़्ल, फ़िक्र या शब्दांची मराठीत हुकूम, जुलूम, मुलूख, कुलूप (येथे वर्णविपर्ययही झाला आहे) व फिकीर अशी रूपे झाली.

हुकूम, जुलूम, कुलूप यांत ओष्ठ्य व्यंजन आहे. तेव्हा उकार त्यानेच आणला, अशी शंका येईल. पण गर्म, नर्म, शर्म यांच्या अखेरीसही मकारच असून रूपे गरम, नरम, शरम अशी आहेत. 'मुलूख' मध्ये तर फुटलेल्या संयोगात ओष्ठ्य व्यंजनच नाही. तसेच 'फिकीर' व 'कदर' या दोहोंत रेफ अंती असून एकात ईकार, दुसऱ्यात अकार आहे. दोहोंतील आधीचा स्वर वेगळा आहे, आणि आगंतुक स्वर त्याच्यामागे गेला आहे. मात्र गरम, कदर यांतील अकार अनुकरणाने आला की तो मराठीचा नेहमीचा पूरक स्वर आहे, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. निर्णायक पुरावा इकार-उकारांचाच होय.

याच शब्दांचे तुर्की भाषेत काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. तेथे स्वरसंवाद हा भाषेचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून हुकुम, झुलुम, फिकिर यांबरोबर इस्मचे 'इसिम' व उम्रचे 'ओमुर' झाले (हे देवनागरी लेखन स्थूल आहे). मराठीत मात्र 'इसम' व 'उमर' येथे अकारच आला. तेव्हा तुर्कीतील नियम मराठीत केवळ प्रवृत्तीच्या रूपाने आढळतो, असे म्हणणे युक्त.

आणखी एक साम्य आहे. तुर्कीत स्वरादि प्रत्यय लागला की हा स्वर गळतो. मराठीतही जुलमाने, मुलखात, कुलपाला यांच्या उच्चारात तो उरत नाही; पहिले व्यंजन मागील अक्षराकडे व दुसरे पुढील अक्षराकडे गेल्यावर त्याचे प्रयोजनच संपते. परंतु माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला या जोड्यांतही असेच घडते, आणि तेथील ऊकार आगंतुक नाही. उलट स्त्रीलिंगी 'फिकीर' चा इकार 'बहिणीने' प्रमाणे 'फिकिरीने' मध्ये टिकतो. यास्तव असा लोप आगंतुकत्वाचा पुरावा ठरत नाही. बाहेरून आलेल्या शब्दातील हा स्वर मराठीच्या रूपव्यवस्थेत पूर्णपणे सामावला, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

बोलीतील उदाहरणे जमविणाऱ्या अभ्यासकांनी म्हणून धरम, करम, परसाद यांसारख्या अकारयुक्त शब्दांवर विसंबू नये. इकार-उकारांच्या शेजारचे संयोग शोधावेत, दोन्ही बाजूंच्या व्यंजनांची नोंद करावी आणि अनुकरण न झालेले शब्दही तितक्याच काळजीने टिपावेत. प्रवृत्तीची मर्यादा त्यांच्यावरूनच कळते.